तिकीट फुकट, पण फाट्यापर्यंत आणणार कोण?

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीत तिकीट लागत नाही. 65 ते 75 वयाच्यांना अर्धं, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं. दिव्यांगांना 75 टक्के सवलत, डायलिसिसवरच्या रुग्णांना ठरलेल्या अटींवर पूर्ण माफी, पाचवी ते बारावीच्या मुलींना फुकट पास. यादी वाचली तर वाटतं, आता कोल्हापूर जिल्ह्यात प्रवासावाचून कुणाचं अडायला नको. प्रत्यक्षात गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगडच्या धनगरवाड्यांवरची माणसं सीपीआरची, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाची, तारीख चुकवतातच. वाड्यापासून फाटा तीन-चार किलोमीटर, वाट उताराची, आणि फाट्यावर गाडी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सवलत तिकिटाला मिळाली, अडलंय ते फाट्याच्या अलीकडं.

त्यामुळं ज्यांना चालवत नाही, ज्यांच्याकडं वाहन नाही आणि स्पेशल जीप परवडत नाही, अशांसाठी तालुक्यात गाडीची सोय करायची म्हटलं की पहिला विचार गाडी घ्यायचा होतो. देणगीदार गाठायचा, गाडी आणायची, नारळ फोडायचा. सहा महिन्यांनी तीच गाडी ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये धूळ खात उभी दिसते, कारण ड्रायव्हरचा पगार, डिझेल, टायर आणि विमा यांचं कुणी बघितलेलं नसतं. गाडी शेवटी घ्यायची. आधी लिहायच्या त्या माणसांच्या परतीच्या वेळा. जायची वेळ ज्याला त्याला पाठ असते. योजना फसते ती परतताना.

सुरुवात सर्वेक्षणानं. "तुम्हाला गाडी पाहिजे का?" असं विचारलं की घरटी "हो" येतं आणि त्या कागदाचा काही उपयोग राहत नाही. विचारायचं ते असं: गेल्या महिन्यात कुठं कुठं जावं लागलं, कशानं गेलात, किती पैसे मोडले, आणि जायचं असूनही कुठलं जाणं राहिलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. आशाताईंनी घरोघरी जाऊन हे भरलं तर खरं येतं. ग्रामसभेत हात वर करायला लावला तर अंथरुणाला खिळलेला माणूस तिथं नसतोच. फॉर्मवर आणखी चार गोष्टी हव्यात. घरापासून गाडी येऊ शकेल अशा रस्त्यापर्यंत किती चालायचं आणि पावसाळ्यात तो रस्ता राहतो का. माणूस स्वतः बसतो, धरून बसवावा लागतो, चाकाच्या खुर्चीतच असतो की आडवाच न्यावा लागतो. सोबत कोण येणार. आणि घरात मोबाईलला रेंज आहे का. डोंगरी भागात रेंजचा रकाना रिकामा सोडणाऱ्याचं बुकिंग पहिल्याच आठवड्यात बोंबलतं. रेंज नसलेल्या वाडीसाठी निरोप घेणारा एक माणूस नेमावा लागतो: आशाताई, पोलीस पाटील किंवा रेशन दुकानदार.

एक यादी हमखास सुटते, ऊसतोड मजुरांची. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बीडकडच्या टोळ्या इथल्या फडांवर असतात. त्यांत गरोदर बायका असतात, तान्ही पोरं असतात आणि त्यांचं नाव इथल्या कुठल्याच गावच्या रजिस्टरला नसतं. 102 नंबरची गाडी गरोदर माता आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला मोफत नेते-आणते, ती सोय त्यांनाही आहे. पण फोनवर पत्ता काय सांगणार? कोपी, म्हणजे त्यांची झोपडी, आज या शिवारात, महिन्यानं दुसऱ्या. कारखान्याच्या शेती खात्याकडं कुठली टोळी कुठल्या गटात आहे याची नोंद असते. ती दर पंधरवड्याला घेऊन आरोग्य केंद्रात लावली तरी निम्मं काम होतं.

फॉर्म आले की जाण्यांची वाटणी करायची, आणि पहिला गट करायचा टाळता येणाऱ्या जाण्यांचा. निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला, हयातीचा दाखला द्यायला, अंगठा जुळवायला म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला नेणं म्हणजे गाडीची नासाडी. महिन्यातून एक दिवस बँकमित्र यंत्र घेऊन वाडीवर आला की एका फेरीत वीस फेऱ्या वाचतात. दुसरा गट तातडीचा. त्याला 108 आहे, आपल्या योजनेत तो घ्यायचाच नाही. छातीत दुखणाऱ्याला बुकिंगच्या गाडीत घालणं किंवा ऑक्सिजन लागणाऱ्याला साध्या गाडीतून नेणं, या दोन्हीला ठाम नकार. मात्र 108 घेऊन जाते, बरं झाल्यावर घरी सोडत नाही. ते सोडणं आपल्याकडं येतं. तिसरा गट फाट्यापर्यंत पोचवलं की पुढं एसटीनं जाऊ शकणाऱ्यांचा. हा गट सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्त. पाच-सहा किलोमीटरची खेप, पुढचं तिकीट सवलतीत किंवा माफ. यासाठी वेगळी गाडीही लागत नाही, गावातल्याच वडापवाल्याशी (खासगी प्रवासी जीपवाल्याशी) आठवड्यातल्या दोन-तीन ठरलेल्या खेपांचा करार पुरतो. फक्त वडापची वेळ एसटीच्या वेळेला बांधायची आणि एसटी उशिरा आली तर म्हाताऱ्यांना फाट्यावर एकटं सोडून जायचं नाही, हे करारात लिहायचं. निवारा नसलेल्या फाट्यावर पावसात अर्धा तास उभा राहिलेला माणूस पुढच्या वेळी घरातून बाहेर पडत नाही.

एसटीवर विसंबताना तिचे हंगाम माहीत पाहिजेत. चैत्रात जोतिबा, आषाढीला पंढरपूर, गणपतीत कोकण. या दिवसांत जादा गाड्या सोडायच्या म्हणून आडवळणाच्या फेऱ्यांना कात्री लागते. मुक्कामी गाडी बंद झाली की सकाळची पहिली फेरीही गेली. आगाराकडून आठ दिवस आधी रद्द फेऱ्यांची यादी मागून घ्यायची. मागितली तर मिळते.

चौथा गट घरातून थेट दवाखान्याच्या दारात नेण्याचा, आणि त्यात डोंगराएवढा प्रश्न डायलिसिसचा. आठवड्याला तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, वर्षभर. सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरू-शनि. मशीनवरून उतरलेल्या माणसाचा रक्तदाब खाली गेलेला असतो, चक्कर येते, एसटीत उभं राहून तो घरी पोचू शकत नाही. त्यामुळं तिकीट माफ असूनही त्याला गाडी लागते.

इथं सगळ्यात जास्त पैसा वाचतो तो एका कामात: शिफ्ट जुळवण्यात. गगनबावडा तालुक्यातले चार रुग्ण कोल्हापुरातल्या दवाखान्यांत चार वेगवेगळ्या वेळांना मशीनवर असतील तर चार खेपा होतात. त्याच चौघांना एकाच दिवशी, एकाच शिफ्टला घेतलं तर एक. गाडीच्या देणगीसाठी वर्षभर फिरण्याआधी डायलिसिस विभागाच्या इन्चार्ज सिस्टरांना भेटून हे बोलावं. एका शिफ्टमध्ये जागा नसेल तर अदलाबदलीला शहरातला रुग्ण तयार होतो का ते त्यांनाच माहीत असतं. मागायची ती दुपारची शिफ्ट. सकाळी सातच्या शिफ्टसाठी वाडीवरून पहाटे साडेचारला निघावं लागतं, अंधारात, धुक्यात.

दुपारी बाराच्या शिफ्टचं वेळापत्रक उलटीकडून मांडून बघू. मशीनआधी वजन, रक्तदाब, सुई यात अर्धा-पाऊण तास जातो, म्हणजे सव्वाअकराला दवाखान्याच्या दारात. गगनबावडा ते कोल्हापूर साधारण 55 किलोमीटर, पावणेदोन तास धरायचे. म्हणजे मोठ्या रस्त्याला साडेनऊला लागायचं. त्याआधी तीन-चार वाड्यांवरून माणसं गोळा करायची. कच्च्या रस्त्यावर ताशी 15-20 च्या वर वेग धरू नये. चालत येणाऱ्या म्हाताऱ्याला चढायला तीन मिनिटं, चाकाच्या खुर्चीवाल्याला सात-आठ. पहिला माणूस पावणेनऊला गाडीत. बारा ते चार मशीन, उतरल्यावर सुईच्या जागचं रक्त थांबून उभं राहता येईपर्यंत पाऊण तास, पाचला परत, शेवटचा माणूस सव्वासातला घरी. सकाळी पहिला चढलेला संध्याकाळी शेवटचा उतरतो, ही चूक बहुतेक वेळापत्रकांत असते. परतताना रस्ता तोच असला तरी जो जास्त थकलेला त्याला आधी सोडायला पाच किलोमीटरचा वळसा परवडतो. एक साधा नियम ठेवावा: सरळ जायला जितका वेळ लागला असता त्याच्या दीडपटीहून जास्त वेळ कुणी गाडीत बसता कामा नये.

ही गाडी जातेच आहे तर ओपीडीचे पेशंटही घ्या, असं कुणीतरी सुचवतंच. घेऊ नयेत. सव्वाअकराला पोचलेला माणूस केसपेपरच्या रांगेत उभा राहीपर्यंत दुपार होते, डॉक्टर उठतात, आणि तपासणीचा कागद हातात न घेता तो परत येतो. ओपीडी आणि दिव्यांग प्रमाणपत्राची खेप वेगळ्या दिवशी, सकाळी लवकरची. प्रमाणपत्राचे वार ठरलेले असतात, त्या वारालाच न्यायचं आणि आदल्या दिवशी आधार, फोटो, जुने रिपोर्ट पिशवीत आहेत का हे आशाताईंनी बघायचं. एका कागदापायी शंभर किलोमीटर फुकट जातात.

आता हिशोब. समजा गाडी, डिझेल, ड्रायव्हर धरून किलोमीटरला 20 रुपये पडतात. गोळा करण्यासकट जाऊन-येऊन 130 किलोमीटर, म्हणजे दिवसाला 2,600. चार रुग्ण असतील तर माणशी 650. आठवड्यातले सहा दिवस धरले तर वर्षाला 312 दिवस, 40,560 किलोमीटर, 8 लाख 11 हजार 200 रुपये, आणि यात आठ रुग्णांची सोय. मधल्या पाच-सहा तासांत गाडी रिकामी परत आणून पुन्हा पाठवली तर किलोमीटर दुप्पट आणि माणशी 1,300. त्यामुळं गाडी शहरातच थांबवायची. एक रुग्ण कमी झाला की उरलेल्या तिघांचा खर्च माणशी 867 वर जातो. बैठकीत विचारलं जाईल, तेव्हा हा आकडा तयार ठेवायचा.

पैसे कुठून? ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांना स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. छोट्या ग्रामपंचायतीचा तो एकटा काही हजारांत असतो आणि वर्षाखेरी वस्तूवाटपात संपतो. एका रस्त्यावरच्या दहा-बारा ग्रामपंचायतींनी मिळून ठराव केला तर फाट्यापर्यंतच्या खेपा वर्षभर निघतात. साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था यांच्याकडं गाडी मागू नये, किलोमीटर मागावेत: "वर्षाचे दहा हजार किलोमीटर तुमच्या नावावर." फोटोला गाडी लागते हे खरं, म्हणून पाटी मात्र मोठी लावून द्यावी.

परवान्याचा भाग रूक्ष आहे, पण इथं चुकलं तर सगळंच बुडतं. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक या दोन वेगळ्या गोष्टी. वाटेत माणसं चढवत-उतरवत माणशी भाडं घ्यायचं तर टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो, आणि ते क्षेत्र आपल्याकडं मुख्यत्वे एसटीचं. आपली गाडी कंत्राटी. म्हणून पूर्ण खेपेचे पैसे संस्थेनं किंवा ग्रामपंचायतीनं द्यायचे. ड्रायव्हरनं गाडीत माणशी वीस रुपये गोळा केले की तो परवान्याबाहेर गेला. रुग्णांकडून वाटा घ्यायचाच असेल तर महिन्याला पावतीवर, संस्थेच्या खात्यात. गाडीला पिवळी पाटीच हवी. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाड्यानं माणसं नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. चंदगडवाल्यांना याची दुसरी बाजू आहे: त्यांना कोल्हापूर शंभरावर किलोमीटर आणि बेळगाव चाळीसेक. शहाणपण बेळगावला जाण्यात आहे, पण राज्याची हद्द ओलांडायची तर परवाना त्या बेतानं आधीच काढायचा. तपासणी नाक्यावर रुग्णाकडं बघून कुणी सोडेल या भरवशावर योजना आखता येत नाही.

गाडी कुठली? वाड्यांच्या रस्त्याला बोलेरोसारखी उंच गाडी चालते, पण म्हाताऱ्याला तिच्यात चढता येत नाही. ईको आत बसायला बरी, मात्र टप कमी असल्यानं चाकाच्या खुर्चीसकट माणूस मावत नाही. ट्रॅव्हलर किंवा विंगर मावून घेते, पण अरुंद वाटेला वळत नाही. रॅम्पचं गणित बऱ्याच जणांना उशिरा कळतं. सुगम्यतेच्या नियमांत उतार 1:12. गाडीचा तळ जमिनीपासून 650 मिलिमीटर असेल तर त्या उतारानं रॅम्प 7.8 मीटर लांब लागेल; तो गाडीत न्यायचा कुठं? मदतनीस धरून 1:4 पर्यंत गेलं तरी 2.6 मीटर, आणि ओल्या मुरमावर ते ढकलणं धोक्याचं. म्हणून डोंगरी तालुक्यात रॅम्पवाल्या एका मोठ्या गाडीपेक्षा दोन गोष्टी कामाच्या: दारातून रस्त्यापर्यंत उचलून आणायची दोन माणसांची हलकी खुर्ची, आणि चाकाच्या खुर्चीतून सीटवर सरकवायची गुळगुळीत फळी. शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट भागात मोठी गाडी आणि लिफ्ट शोभते. खुर्चीसकट न्यायचं असेल तर खुर्ची चार ठिकाणी तळाला बांधायची, तोंड पुढं, आणि माणसाचा पट्टा वेगळा. आडवी लावलेली खुर्ची पहिल्या ब्रेकला कलंडते.

ड्रायव्हरला दोन तासांचं शिक्षण पुरतं, पण ते द्यायचंच. डायलिसिसच्या रुग्णाच्या ज्या हाताला फिस्टुला (सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी) आहे त्या हाताला धरून उतरवायचं नाही, त्यावर पिशवी अडकवायची नाही. वाटेत सुईच्या जागेतून रक्त आलं तर गाडी बाजूला घेऊन स्वच्छ गॉजनं दाबून धरायचं, दहा-पंधरा मिनिटं सारखं उघडून बघायचं नाही. थांबत नसेल तर 108. गाडीत गॉज, उलटीच्या पिशव्या, एक उशी, एक घोंगडं.

पावसाळ्याची योजना वेगळ्या कागदावर. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पण आपली अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होते. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पाण्याखाली जातात आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या जवळच्या वाटा बंद होतात. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर मांडुकली, किरवे, लोंघे इथं पाणी येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. प्रत्येक मार्गाला तीन रकाने करायचे: कोरडा रस्ता, पाणी आल्यावरचा वळसा आणि त्याचे जादा किलोमीटर, आणि सगळंच बंद झाल्यावर काय. तिसऱ्या रकान्यात "बघू" असं लिहिलेलं चालत नाही. डायलिसिसचा रुग्ण दोन खेपा चुकवू शकत नाही, अंगात पाणी आणि पोटॅशियम साठतं. त्यामुळं पाणी 39 च्या दिशेनं चढू लागलं आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की रुग्णाला शहरात पाहुण्यांकडं किंवा ठरवलेल्या निवाऱ्यात हलवायचं. कुणाचे पाहुणे कुठं आहेत, पेठेत की पाणी येणाऱ्या भागात, हे जूनच्या आधी फॉर्मवर हवं.

उसाच्या हंगामात पुराइतकं नाही, पण रोजचं नडतं. कुंभी-कासारी, बिद्री अशा कारखान्यांच्या आसपास दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर संध्याकाळी रस्ता धरून चालतात. नोव्हेंबर ते मार्च परतीच्या वेळेत अर्धा तास वाढवून सांगायचा, नाहीतर घरचे कंदील घेऊन फाट्यावर ताटकळतात.

रुग्णाला वेळ सांगताना "नऊ वाजता" असं कधी सांगू नये. "नऊ ते साडेनऊ" सांगावं आणि गाडीनं दारात पाच मिनिटं, रेंज नसलेल्या वाडीत दहा मिनिटं थांबावं. अमेरिकेतही अशा सेवा अर्ध्या तासाची मुभा ठेवून चालतात. तिकडं फ्लोरिडात काउंटीसाठी एक समन्वयक संस्था नेमलेली असते आणि सगळ्या खेपा तिच्याकडून जुळवल्या जातात. आपल्याकडं 102 एकाकडं, 108 दुसऱ्याकडं, एसटी तिसऱ्याकडं, शाळेची गाडी दिवसभर रिकामी उभी. तालुक्याला एक माणूस, एक फोन आणि एक वही एवढं जमलं तरी पुष्कळ.

त्या वहीत झालेल्या खेपांपेक्षा न झालेल्या जास्त काळजीनं लिहायच्या. माणूस आला नाही, का आला नाही: ॲडमिट झाला, सोबतीला कुणी नव्हतं, निरोप पोचला नाही, गाडी उशिरा आली. दंड लावायचा नाही, कारण लिहायचं. ड्रायव्हर रजेवर असताना दुसरा कोण, गाडी गॅरेजला असताना कुठल्या मालकाची येणार, हेही वहीच्या पहिल्या पानावर नाव-नंबरासकट. महिन्याअखेर वाडीवार बुकिंग मोजायचं. एखाद्या वाडीपुढं दोन महिने शून्य दिसलं तर तिथं गरज नाही असं धरू नये. तिथं फाट्यापासून चालत जाऊन यायचं. बहुतेक वेळा निरोप घेणारी आशाताई बदललेली असते, आणि नव्या ताईंना अशी काही गाडी आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.